सातारा शहरात वीकेंड मुक्काम : औंध, म्युझियम, किल्ला, पेढे आणि जेवणखाण

सांगलीकडची मंडळी साताऱ्याला जातात म्हणजे काय करतात, तर पुण्याला जाता-येता हायवेला थांबून पेढे घेतात, नाहीतर कास, ठोसेघर, महाबळेश्वर गाठायचं म्हणून साताऱ्यातनं गाडी काढतात. शहरातच राहायचं, शहरच बघायचं, संध्याकाळी पेठांतनं पायी फिरायचं असं ठरवून गेलेलं आमच्या ओळखीत तरी कोण नव्हतं. आम्ही नोव्हेंबरच्या शेवटी शुक्रवारी सकाळी निघून रविवारी रात्री घरी आलो, मी, नवरा, सासूबाई आणि सातवीतली मुलगी, आणि आता मी भेटेल त्याला हेच सांगतेय की साताऱ्यात थांबा, मुक्काम करा, आणि जाताना वाटेतलं औंध (खटाव तालुक्यातलं, जुन्या संस्थानाचं गाव) अजिबात टाळू नका. ज्यांना असा प्लॅन करायचाय त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितेय, जे आवडलं तेही आणि जिथं पैसे वाया गेले तेही.

आधी रस्त्याचं. सरळ जायचं तर पेठ नाक्यावरनं हायवेला लागायचं आणि कराडवरनं सातारा, पण कागल ते शेंद्रे हायवेचं सहापदरीकरण चाललंय, कराड-मलकापूरला पुलाच्या कामामुळं वेळ जातो. आम्ही मुद्दाम तासगाव, विटा, पुसेसावळी असं गेलो, कारण औंध त्या अंगाला आहे. औंधहून रहिमतपूरमार्गे साताऱ्याला उतरता येतं. रेल्वेनं जाणाऱ्यांना कोयना, महाराष्ट्र एक्सप्रेस सांगलीलाही थांबतात आणि साताऱ्यालाही, फक्त सातारा स्टेशन गावात नाही, माहुलीच्या बाजूला बरंच बाहेर आहे, तिथनं रिक्षा करावी लागते हे धरून चाला.

आता औंध. खरं सांगायचं तर या सगळ्या ट्रिपमध्ये सगळ्यात जास्त मनात राहिलं ते औंधच, आणि आपल्या सांगली जिल्ह्यातल्या लोकांना ते माहीत असायला पाहिजे कारण आपला त्या गावाशी जुना संबंध आहे. किर्लोस्करवाडी ज्या जागेवर उभी राहिली ती जागा 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिली ती औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी. ओगलेवाडीचा काचकारखाना औंध संस्थानातला. आटपाडी औंधची, तिथलं स्वतंत्रपूरचं खुलं कारागृह त्याच राजाच्या काळातलं. स्वतः चित्रकार, कीर्तन करायचे, सूर्यनमस्काराचं वेड तर एवढं की सगळ्या संस्थानाला घालायला लावले, आणि 1939 साली गांधीजींच्या सल्ल्यानं आपला कारभार पंचायतींच्या हातात दिला. स्वातंत्र्याच्या आधी आठ वर्षं! असा माणूस आपल्या इतक्या जवळ होऊन गेला आणि आपण शाळेच्या पुस्तकात दोन ओळी वाचून विसरलो.

या राजानं 1938 साली यमाईच्या डोंगरावर, अर्ध्या चढावर, श्री भवानी संग्रहालय बांधलं. गाडी वरपर्यंत जाते त्यामुळं सासूबाईंना काही त्रास झाला नाही. आत गेल्यावर पहिल्यांदा मलाच कळेना की एवढ्याशा गावात हे सगळं कसं काय आहे. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, धुरंधर आहेत, बाबूराव पेंटर आहेत, जुन्या शैलीतली बारीक लघुचित्रं आहेत, चंदनाचं आणि हस्तिदंताचं कोरीवकाम आहे, युरोपातल्या मोठमोठ्या चित्रांच्या आणि पुतळ्यांच्या प्रती आहेत. आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मूल हे शिल्प आहे. हो, खटाव तालुक्यात. लंडन-न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये ज्याच्या वस्तू बघायला लोक जातात त्याचं काम आपल्यापासून दोन-अडीच तासांवर आहे.

रविवर्म्याचं चित्र कॅलेंडरवर आपण सगळ्यांनी बघितलेलं असतं त्यामुळं वाटतं त्यात काय बघायचं. पण मूळ तैलचित्रापुढं उभं राहिलं की वेगळंच कळतं. समोरनं बघितलं तर साडीचा काठ जरीचा दिसतो, चमकतो सुद्धा, आणि मग एका बाजूला होऊन अगदी जवळ गेलं की तिथं जर वगैरे काही नसतं, पिवळ्या आणि तपकिरी रंगाचे छोटे छोटे जाडसर ठिपके असतात, काही तर घाईत ठेवल्यासारखे, आणि दोन पावलं मागं आलं की परत काठ. माझी मुलगी मागं-पुढं, मागं-पुढं करत कितीतरी वेळ तेच बघत होती. ती चित्रकलेच्या क्लासला जाते, तिला घरी किती वेळा सांगितलं असेल की प्रत्येक गोष्ट रेषेनं काढायची नसते, ते तिथं एका चित्रानं समजावलं. तिथल्या एका मामांनी तिला विचारलं, "बाळ, काढतीस का चित्र? वही आणलीस का?" आणि मग आणखी एक-दोन चित्रं आपणहून दाखवली, ही लांबनं बघ, ही जवळनं बघ म्हणून. सासूबाई हस्तिदंताच्या कामापुढनं हलेनात. नवरा आधी म्हणत होता तासाभरात उरकू, तो सगळ्यात शेवटी बाहेर आला.

म्हणून वेळ हातात ठेवून जा. अर्धा दिवस द्या. मोबाईलवर फोटो काढण्याबद्दल आधी तिथं विचारून घ्या आणि खरं तर फोटोच्या भानगडीत पडूच नका, बघा. वर डोंगरावर मूळपीठ यमाईचं देऊळ आहे, तिथनं खाली गाव आणि तळं छान दिसतं, आणि गावातल्या यमाईच्या देवळापुढची दीपमाळ बघायचीच, मान मोडून वर बघावं लागतं.

औंधमध्ये जेवणाची फार निवड नाही, हे खरंय. आम्ही गावातल्या एका घरगुती खाणावळीत जेवलो, पिठलं, बाजरीची भाकरी, घेवड्याची उसळ, खर्डा, कांदा. घेवडा हा कोरेगाव-खटाव भागाचा, तिथला वाघ्या घेवडा नावाजलेला आहे, आणि उसळीत त्याला मसाला फार लागत नाही, दाणा शिजून मऊ झालेला पण फुटलेला नाही, रसाला त्याचाच दाटपणा. वाढणाऱ्या काकू भाकरी तव्यावरनं थेट ताटात टाकत होत्या, आम्ही पुरे म्हणायच्या आत पुढची यायची. सासूबाईंनी त्यांना विचारून किलोभर घेवडा विकत पण घेतला. पुढं साताऱ्यात जास्त पैसे देऊन जी जेवणं झाली त्यातलं एकही या ताटाच्या जवळ आलं नाही.

संध्याकाळी साताऱ्यात पोचलो. हॉटेलबद्दल लिहायलाच पाहिजे. ऑनलाइन फोटो बघून पोवई नाक्याच्या आसपासचं एक हॉटेल बुक केलेलं, नाव देत नाही, फोटोत जी खोली होती ती आणि मिळाली ती वेगळी. पार्किंग आहे लिहिलेलं, प्रत्यक्षात समोर रस्त्यावर लावा म्हणाले. गरम पाणी सकाळी थोडा वेळच, आणि ही वेळ रात्री सांगायची सोडून सकाळी आम्ही फोन केल्यावर सांगितली, तोवर पाणी गार. म्हातारं माणूस बरोबर असताना हे चालत नाही. रिसेप्शनवरच्या पोराला नवऱ्यानं नीट सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी बादल्या वर पाठवल्या, एवढं मात्र केलं. तुम्ही बुक करताना फोन करून तीन गोष्टी विचाराच, पार्किंग आत आहे का, गरम पाणी किती ते किती, आणि खोली रस्त्याच्या बाजूची आहे का. शक्य असेल तर राजवाड्याच्या बाजूला जुन्या गावाजवळ राहा, संध्याकाळी पायी फिरता येतं.

शनिवारी सकाळी मिसळ. सातारची मिसळ आपल्यापेक्षा जरा सौम्य वाटली, रस्सा पातळ पण चवीला चांगला, फरसाण ताजं होतं, ब्रेडऐवजी पाव मिळाला. ठीक. याच्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

मग एसटी स्टँडजवळचं छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय. इथं आधी एक सांगते, बरेच जण अजून वाघनखं बघायला म्हणून जातात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधनं आणलेली वाघनखं जुलै 2024 मध्ये इथं ठेवली होती, तेव्हा मोठी गर्दी झालेली, पण ती तीन वर्षांसाठी उसनी आणलेली आहेत आणि ठरल्याप्रमाणं सातारानंतर नागपूरला गेली. त्यामुळं फक्त त्याच्यासाठी जाणार असाल तर आधी चौकशी करा. पण वाघनखं नाहीत म्हणून म्युझियम टाळायचं कारण नाही. तलवारी, कट्यारी, दांडपट्टे, भाले, नाणी, कागदपत्रं असं सगळं आहे आणि शाळेतल्या मुलांना दाखवायला फार चांगलं. दांडपट्टा चित्रात बघणं आणि समोर बघणं यात फरक आहे, त्याच्या पात्याची लांबी बघितल्यावर आणि कोपरापर्यंत हात झाकणारी मूठ बघितल्यावर मुलगी म्हणाली हा फिरवताना स्वतःलाच लागत नसेल का, आणि तोच प्रश्न बरोबर आहे, म्हणून तर त्याला वर्षानुवर्षांची तालीम लागायची. सरकारी म्युझियम सोमवारी बंद असतात, वीकेंडला जोडून सोमवार घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

तिथनं राजवाडा. साताऱ्याचं जुनं गाव समजून घ्यायचं तर एवढं माहीत पाहिजे की हे शहर संभाजी महाराजांचे पुत्र शाहू महाराजांनी वसवलेलं. लहानपण सगळं मोगलांच्या कैदेत गेलेला हा राजा 1707 ला सुटून आला, 12 जानेवारी 1708 ला साताऱ्यात राज्याभिषेक झाला आणि 1749 मध्ये वारेपर्यंत त्यानं मराठी राज्य इथनं चालवलं. पेशवे पुण्याला, पण पेशवाईची वस्त्रं मिळायची ती साताऱ्यातनं. किल्ल्याच्या पायथ्याला पेठा वसल्या, त्यांची नावं अजून तीच, यादोगोपाळ पेठ, व्यंकटपुरा, चिमणपुरा, माची पेठ. वरचा राजपथ आणि खालचा रस्ता असे दोन मुख्य रस्ते धरले की हरवायचा प्रश्न नाही. मधल्या बोळांत अजून काही जुने वाडे उभे आहेत, लाकडी खांब, दगडी जोतं, दारावर कोरीव पट्टी. आम्ही ते बाहेरूनच बघितले, माणसं राहतात तिथं, उगाच आत डोकावू नये.

राजवाड्याच्या जुन्या इमारतीत एके काळी सरकारी हायस्कूल भरायचं, म्हणजे आजचं प्रतापसिंह हायस्कूल. 7 नोव्हेंबर 1900 ला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव या शाळेत दाखल झालं, रजिस्टरला भिवा रामजी आंबेडकर अशी नोंद आहे. तो दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. मुलीला शाळेत त्या दिवसाचं भाषण पाठ करायला दिलेलं, तिला ती जागा दाखवल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा होता. बाबासाहेबांच्या आई भीमाबाई साताऱ्यातच वारल्या, त्यांची समाधीही याच शहरात आहे. असंच कर्मवीर भाऊराव पाटलांचं, रयत शिक्षण संस्थेची सुरुवात 1919 ला काल्याला झाली पण 1924 पासनं मुख्य ठिकाण सातारा, आणि कर्मवीरांची समाधी इथंच. नवरा रयतच्या शाळेत शिकलेला, त्याचे वडील पण, आणि तिथं गेल्यावर तो चपला काढून बराच वेळ नुसता उभा होता. आमच्याकडच्या कितीतरी घरांत पहिला शिकलेला माणूस रयतचाच असतो. तेव्हा साताऱ्याला येऊन इथं डोकं टेकवल्याशिवाय जाऊ नये असं मला वाटतं.

आता पेढे. कंदी पेढ्यांसाठी मोदी, लाटकर ही नावं सगळ्यांना माहीत आहेत, आणि गावात आणखीही दुकानं आहेत. हायवेवरच्या दुकानातनं बंद बॉक्स उचलण्यापेक्षा गावातल्या जुन्या दुकानात उभं राहून घ्यायला मजा येते. आम्ही राजपथाजवळच्या एका दुकानात गेलो, तिथल्या काकांना म्हणलं आजचा कुठला, तर त्यांनी ट्रेमधनं एक उचलून मुलीच्या हातावर ठेवला. बोटानं दाबला की साधा पेढा दबतो, कंदी पेढा आधी जरा नकार देतो आणि मग मधोमध फुटतो. आत रवाळ, बाहेरपेक्षा थोडा फिक्का, आणि वास येतो तो भाजलेल्या खव्याचा. म्हशीच्या दुधाचा खवा मंद आचेवर परतून परतून हा तपकिरी रंग येतो, ओलावा उडतो म्हणून तो चार दिवस टिकतो, आणि साखर कमी म्हणून खाल्ल्यावर तोंड गोडानं चिकट होत नाही. काका म्हणाले, "ताई, गरम असताना डबा बंद करू नका, घाम धरतो, उघडा ठेवून गार होऊ द्या मग झाकण लावा." सासूबाईंना साखरेचा त्रास आहे, त्या कधी गोड मागत नाहीत, पण त्यांनी अर्धा मागून घेतला आणि हळूहळू खाल्ला. घेताना एकच बघा, रंग फार काळपट आणि वरून तुपकट दिसला तर घेऊ नका, आणि दुकानदार चव द्यायला तयार नसेल तर पुढचं दुकान आहे.

शनिवारी दुपारी मात्र जेवणात फसलो. शहरातल्या एका एसी फॅमिली रेस्टॉरंटमध्ये गेलो, बाहेर बोर्ड महाराष्ट्रीयन थाळीचा, आत गेल्यावर थाळी संपली, मग पंजाबी भाज्या घ्या म्हणाले. पनीरची एक आणि मिक्स व्हेज एक अशा दोन भाज्या सांगितल्या, दोन्हीची ग्रेव्ही एकच, तीच लाल गोडसर, एकीत पनीर टाकलेलं आणि एकीत गाजर-वाटाणा. यायला पाऊण तास. बिल चांगलं तगडं. असल्या जेवणाला साताऱ्यापर्यंत यायची काय गरज, ते आपल्याकडं विश्रामबागलाही मिळतं. या भागात येऊन भाकरी, खर्डा, घेवडा, मटण सोडून पंजाबी खाऊ नका, हा माझा कळकळीचा सल्ला.

मटणाचं आदल्या रात्रीचं सांगायचं राहिलं. हायवेच्या बाजूला एका साध्या खानावळीत, पत्र्याचं छप्पर, स्टीलची ताटं. सुकं मटण, काळ्या मसाल्याचा रस्सा, बाजरीची भाकरी, इंद्रायणीचा भात. रस्सा कोल्हापुरी तांबड्यासारखा अंगावर येत नाही, खोबरं आणि तिळाची चव मागनं येते. तेल जरा जास्त होतं आणि रात्री उशिरा सासूबाईंना जड गेलं, तेवढं सोडलं तर उत्तम. त्या स्वतः मटण खात नाहीत, त्यांच्यासाठी वेगळ्या भांड्यात अख्खा मसूर करून दिला, न सांगता भांडं वेगळं ठेवलं, हे मला फार आवडलं.

संध्याकाळी अजिंक्यतारा. गाडी दरवाज्याच्या जवळपर्यंत जाते, मग थोडं चालणं. बाराव्या शतकातल्या शिलाहार भोजराजाचा हा किल्ला. औरंगजेबानं 1699 च्या शेवटी स्वतः येऊन वेढा घातला, प्रयागजी प्रभूंनी कितीतरी महिने लढवला. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले, त्यातला एक असा उडाला की तट बाहेरच्या बाजूला ढासळला आणि हल्ल्याला तयार उभी असलेली त्यांचीच माणसं गाडली गेली. शेवटी 1700 मध्ये किल्ला गेला, औरंगजेबानं आपल्या पोराच्या नावावरनं आझमतारा नाव ठेवलं, आणि पुढं ताराराणींच्या माणसांनी तो परत घेतल्यावर अजिंक्यतारा झाला. हे सगळं नवऱ्यानं तटावर उभं राहून मुलीला सांगितलं, ती म्हणाली नक्की कुठल्या बाजूला सुरुंग लावला, आणि मग दोघं बराच वेळ तट बघत फिरत राहिले. मंगळाईचं देऊळ आहे, तळी आहेत, वर दूरदर्शनचा टॉवर आहे. तटावरनं खाली सगळा सातारा, एका बाजूला यवतेश्वरचा डोंगर, लांब सज्जनगड, दुसरीकडं जरंडेश्वर, हवा स्वच्छ असेल तर चंदन-वंदन हे जोडकिल्ले. उतरताना चार भिंती नावाची जागा लागते, तिथं 1857 च्या हुतात्म्यांचं स्मारक आहे. गडावर संध्याकाळी गावातली माणसं चालायला येतात, वयस्कर जोडपी, कॉलेजची पोरं, त्यामुळं एकटं वाटत नाही, पण अंधार पडायच्या आधी उतरा, पाणी बरोबर ठेवा.

रात्री राजवाड्याची चौपाटी. पावभाजी बरी, कुल्फी चांगली. भेळेला मात्र आमच्या घरात कुणीच पूर्ण मार्क दिले नाहीत, सांगलीच्या भडंगावर वाढलेल्या माणसाला चुरमुरे कुरकुरीत नसले की जमत नाही.

रविवारी सकाळी लवकर खोली सोडली आणि पुण्याच्या अंगाला लिंब गावात बारामोटेची विहीर बघायला गेलो. हे आधी बघितलं नसेल तर काहीही करून बघा. शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतलेली, शके 1641 ते 1646 म्हणजे साधारण 1719 ते 1724. विहीर अष्टकोनी, खोली 110 फूट सांगतात. बाहेरनं काहीच कळत नाही, शेतातला रस्ता, झाडं, आणि एकदम पायऱ्या खाली जातात. दरवाज्यातनं आत गेलं की विहिरीच्या आत चक्क महाल आहे, खांबांची दालनं, भिंतीत कोरलेले वाघ-सिंह, आणि वर मोटा लावायच्या जागा. सासूबाईंच्या माहेरी मोट होती, त्यांनी लहानपणी बघितलेली, त्यांनी वर उभं राहून सगळं समजावून सांगितलं, बैल उतारावरनं खाली जाताना चामड्याची मोट वर येते, थारोळ्यात पाणी पडतं, बैल मागं सरकत वर येताना मोट परत खाली, आणि हाकणारा नाड्यावर बसतो. एका मोटेलाच किती दंगा असायचा म्हणाल्या, इथं एवढ्या सगळ्या चालू असताना काय आवाज होत असेल. खाली दालनात सकाळच्या उन्हाचा पट्टा पाण्यावरनं उडून छतावर हलत होता. पायऱ्या जुन्या आहेत, गुडघेदुखी असणाऱ्यांनी सावकाश, आणि लहान मुलांचा हात सोडू नका, कठड्याच्या पुढं थेट पाणी आहे. दुपारी गर्दी होते, रील काढणारे येतात, सकाळीच जा.

परतताना संगम माहुली. कृष्णा आणि वेण्णेचा संगम, आपल्याकडं येणारी कृष्णा इथं अजून लहान आहे. काठावरचं विश्वेश्वराचं देऊळ श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी बांधलं, म्हणजे पुढं औंधला राहिलेलं तेच घराणं, औंध बघून आलं की हा धागा बरोबर लागतो. काळ्या दगडाचं काम आणि घाट बघत तासभर सहज जातो. महाराणी येसूबाई, महाराणी ताराराणी यांच्या समाध्या या परिसरात आहेत आणि शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याचीही आहे, त्यानं वाघापासनं महाराजांचा जीव वाचवला असं सांगतात. न्यायासाठी ज्यांचं नाव घेतात ते रामशास्त्री प्रभुणे पण माहुलीचेच. नदीकाठी देवळाच्या पायऱ्यांवर बसून आम्ही उरलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, आणि वेळ असता तर मी तिथंच दुपार काढली असती.

कास, ठोसेघर, सज्जनगड या वेळी मुद्दाम घेतले नाहीत. कासची फुलं ऑगस्ट ते ऑक्टोबर, त्यासाठी ऑनलाइन बुकिंग करून वेगळं जावं लागतं, आणि सगळं एकाच वीकेंडला कोंबलं की काहीच नीट होत नाही. सज्जनगडला समर्थांच्या समाधीचं दर्शन घेऊन दुपारच्या प्रसादाला थांबायचं असेल तर त्याला अर्धा दिवस ठेवा.

खर्चाचं म्हणाल तर चौघांचं राहणं, जेवण, पेट्रोल धरून महाबळेश्वरच्या एका रात्रीपेक्षा कमी पडलं. म्युझियमची तिकिटं तर किरकोळ. मुलं पाचवीच्या पुढची असतील तर जास्त उपयोग, त्याहून लहान मुलं औंधला कंटाळतील, त्यांना किल्ला आणि विहीर पुरे. आणि चित्रकलेची आवड असलेलं कोणी घरात असेल तर औंधला जाताना वही-पेन्सिल बरोबर द्या.